माउस हलला की स्पीकर चिरचिरतो: मॉनिटरमधून येणारा कॉम्प्युटरचा आवाज शोधायचा कसा

रात्री मिक्स करायला बसावं, सगळं घर झोपलेलं असावं आणि तेव्हा लक्षात यावं की खोली शांत आहे, पण स्पीकर नाहीत. पान खाली सरकवलं की बारीक चिर्रर्र. माउस फिरवला की कागदावर किडा चालावा तशी खसखस. जड प्रोजेक्ट उघडताना एक शिट्टी वर चढते, उघडून झालं की खाली उतरते. गाणं बंद असलं तरी कॉम्प्युटरच्या पोटात काय चाललंय त्याचं धावतं वर्णन ऐकू येत राहतं.

मी हा आवाज तीन महिने सहन केला. त्या तीन महिन्यांत जाड केबल आणली, केबलवर चिमटायच्या फेराइटच्या कड्या आणल्या, वर ‘फिल्टर’ असं ठळक लिहिलेला एक्स्टेंशन बोर्ड आणला. फरक शून्य. एका दुपारी वैतागून टेबलामागचं सगळं उपसलं, इंटरफेसकडून (म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज स्पीकरला आणि माइकचा कॉम्प्युटरला पोचवणारा ऑडिओचा डबा) मॉनिटरकडे जाणारी केबल हातात घेतली आणि तिच्या जॅककडे पहिल्यांदा नीट पाहिलं. धातूच्या दांड्यावर काळी रेघ एकच होती. दोन हव्या होत्या. त्या रेघेचा अर्थ पुढे येईलच. पण तेव्हापासून कुणी हा आवाज घेऊन आलं की मी आधी विचारतो, काही विकत घेतलं नाहीस ना अजून?

एक खुलासा. या लेखात मॉनिटर म्हणजे स्पीकर. डोळ्यांसमोरच्या पडद्याला मी स्क्रीन म्हणेन, नाहीतर पाचव्या परिच्छेदात आपण दोघंही गोंधळू.

आधी नुसतं ऐका

आवाजाचा पोत बरंच काही सांगतो, म्हणून वायरींना हात लावण्याआधी दोन मिनिटं कान द्या.

खालच्या पट्टीतली, न बदलणारी ‘घूं’ असेल तर ती विजेची आहे. मुख्य वीजपुरवठा जिथे ५० हर्ट्झचा असतो तिथे ही गुणगुण ५० वर आणि तिच्या पटीत, म्हणजे १००, १५० वर असते. ६० हर्ट्झच्या देशांत ६०, १२०, १८०. तिच्यात वरच्या पटी जास्त मिसळल्या की ‘घूं’ची ‘झर्रर्र’ होते. दिव्याचा डिमर किंवा हलक्या प्रतीचा अ‍ॅडाप्टर जवळपास असला की असं होतं. दिवा मालवून बघा, दहा सेकंदांचं काम आहे.

माउस, स्क्रोल, डिस्क किंवा ग्राफिक्स यांच्यासोबत बदलणारी चिरचिर असेल तर ती नक्की कॉम्प्युटरची. गेम किंवा व्हिडिओ चालू केल्यावर सूर बदलत असेल तर ग्राफिक्स कार्डाची ओढ ऐकू येते आहे.

एकाच सुरातली बारीक, स्थिर शिट्टी असेल तर यूएसबीवर संशय घ्या. जुन्या फुल-स्पीड यूएसबीत दर मिलिसेकंदाला एक फ्रेम सुटते, म्हणजे सेकंदाला १०००. हाय-स्पीडमध्ये दर १२५ मायक्रोसेकंदांना, म्हणजे ८०००. त्यामुळे १ किलोहर्ट्झ किंवा ८ किलोहर्ट्झची शिट्टी ही यूएसबीची सहीच समजा. कानाने आकडा कळत नसेल तर फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही अ‍ॅप उघडून फोन ट्वीटरजवळ, म्हणजे स्पीकरमधल्या बारीक सुरांच्या छोट्या भोंग्याजवळ धरा.

फोन जवळ धरलात आणि ‘टर्र-टर्र-टर्र’ सुरू झालं तर तो वेगळाच पाहुणा. २जी नेटवर्कवरचा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा झटके देत प्रक्षेपण करतो आणि ते झटके स्पीकरच्या सर्किटमध्ये उमटतात. फोन दूर ठेवा, विषय संपला.

गाणं वाजत असतानाच येणारे ‘टिक्’, ‘फट्’ हे या लेखाच्या बाहेरचे. तिथे वायरीचा दोष क्वचित असतो. ऑडिओच्या सेटिंगमध्ये बफर वाढवा, प्रोजेक्टचा आणि इंटरफेसचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) एकच आहे का बघा.

आणि हो, मॉनिटर पूर्ण बंद करूनही ऐका. काही ग्राफिक्स कार्डांची कॉइल आणि काही अ‍ॅडाप्टर स्वतःच किणकिणतात. तो आवाज हवेतून थेट कॅबिनेटमधून येतो, स्पीकरमधून नाही. त्यासाठी इंटरफेस बदलणारी माणसं मी पाहिली आहेत.

हा आवाज शिरतो कुठून

कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय वीज अखंड ओढत नाही, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत ओढतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डही कामाच्या हिशेबाने झटक्यांनी करंट घेतात. या धुमश्चक्रीतला थोडा करंट अर्थिंगच्या वायरीत गळतो. एरवी त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते अर्थिंगपर्यंत जायला दोन वाटा असल्या की. कॉम्प्युटरची एक वाट त्याच्या स्वतःच्या तीन पिनांच्या प्लगमधून जाते. दुसरी वाट अशी: कॉम्प्युटरच्या यूएसबी केबलच्या ग्राउंडमधून इंटरफेस, इंटरफेसमधून ऑडिओ केबलची जाळी (आतल्या वायरींभोवतीचं धातूचं आवरण), जाळीतून मॉनिटर आणि मॉनिटरच्या प्लगमधून अर्थिंग. वर्तुळ पूर्ण. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. गळका करंट या वर्तुळात फिरायला लागला की ऑडिओ केबलच्या जाळीवर दोन टोकांत अगदी इवलासा व्होल्टेज तयार होतो. साध्या, अनबॅलन्स्ड केबलमध्ये जाळी ही सिग्नलचीच परतीची वायर असते, त्यामुळे तो इवलासा व्होल्टेज थेट गाण्यात मिसळतो.

इवलासा म्हणजे किती? घरगुती उपकरणांची नेहमीची पातळी उणे १० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. जाळीवर फक्त १ मिलिव्होल्ट उमटला तरी तो सिग्नलपेक्षा जेमतेम ५० डेसिबलने खाली राहतो. मोठ्या आवाजात गाणं वाजत असताना तो लपून जाईल. गाणं थांबलं आणि तुम्ही मीटरभर अंतरावर बसलेले असलात की तो समोर उभा.

माउस हलवल्यावर चिरचिर का येते तेही यातच आलं. माउसच्या वायरीतून आवाज स्पीकरमध्ये ‘जात’ नाही. माउस हलला, पडदा पुन्हा रंगवावा लागला, ग्राफिक्स कार्डाने करंटचा घास घेतला आणि त्या घासाची लहर ग्राउंडवर उमटली. म्हणून माउस बदलून काही होत नाही.

दोन पिनांच्या अ‍ॅडाप्टरवर चालणाऱ्या लॅपटॉपची गोष्ट जरा निराळी. त्याला अर्थिंगची स्वतःची वाट नसतेच. अ‍ॅडाप्टरमधल्या कपॅसिटरमधून थोडा करंट लॅपटॉपच्या पत्र्यापर्यंत येतो (चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपवर हात फिरवताना बारीक झिणझिण्या येतात त्या याच) आणि अर्थिंगकडे जायला त्याला मिळालेली एकमेव वाट म्हणजे तुमची ऑडिओ केबल आणि मॉनिटर. त्यामुळे ‘माझ्याकडे दोनच पिना आहेत, मग लूप कसला?’ असं म्हणून सुटका होत नाही.

हात घालण्याआधी

दर वेळी केबल काढण्या-लावण्याआधी मॉनिटर बंद करा, निदान त्यांचा आवाज पूर्ण खाली घ्या. चालू मॉनिटरमध्ये जॅक खुपसला की जो धडाका होतो, त्याने ट्वीटर जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट मी विनंती म्हणून सांगत नाही. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापायची नाही, तिच्यावर टेप लावायची नाही, तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अ‍ॅडाप्टरमध्ये घालून ‘प्रयोग’ करायचा नाही. आवाज जातो, हे खरं आहे आणि म्हणूनच हा सल्ला पसरत राहतो. पण ती पिन आवाजासाठी नसतेच. आत एखादी जिवंत वायर सुटून पत्र्याला टेकली तर फ्यूज किंवा ब्रेकर पडावा म्हणून ती असते. ती काढल्यावर तोच करंट ऑडिओ केबलवाटे गिटारच्या तारांपर्यंत आणि मायक्रोफोनच्या तोंडावरच्या धातूच्या जाळीपर्यंत येऊ शकतो, जिथे तुमचे हात आणि ओठ असतात. लूप तोडायचा तो ऑडिओच्या किंवा यूएसबीच्या बाजूने. विजेच्या बाजूने कधीच नाही. ज्या उपकरणांवर चौकोनात चौकोन अशी खूण असते ती दुहेरी इन्सुलेशनची, त्यांना कारखान्यातूनच अर्थिंग नसतं. ती गोष्ट वेगळी.

शोध: एका वेळी एकच वायर

आता खरं काम. अर्धा तास, एक वही आणि थोडा संयम लागेल. युक्ती एवढीच की सगळं सोडवायचं आणि मग एकेक वायर परत लावत ऐकायचं. उलट दिशेने, म्हणजे सगळं लावलेलं असताना एकेक काढत गेलं तर फसगत होते, कारण लूप दोन असतील तर एक तोडल्यावर फरकच पडत नाही आणि आपण निर्दोष वायरीला दोषी किंवा दोषी वायरीला निर्दोष ठरवतो.

पहिल्यांदा मॉनिटरला फक्त वीज द्या. मागच्या इनपुटमधली केबल मॉनिटरच्या टोकाला काढा. दुसरं टोक काढून केबल लोंबकळत ठेवली तर ती अँटेना होऊन स्वतःच घूं घूं करेल. आता नेहमीच्या जागी बसून ऐका. हलकी ‘सूं’ ठीक आहे. गुणगुण इथेच येत असेल तर दोष मॉनिटरचा किंवा जवळच्या एखाद्या ट्रान्सफॉर्मरचा. मॉनिटर उचलून दुसरीकडे ठेवून पाहा.

मग इंटरफेस जोडा, पण कॉम्प्युटरशिवाय. त्याला स्वतःचा अ‍ॅडाप्टर असेल तर त्यावर चालवा. यूएसबीवरच चालणारा असेल तर पॉवर बँकेला लावा. काही इंटरफेस कॉम्प्युटर सापडल्याशिवाय पूर्ण जागे होत नाहीत, तरी मॉनिटर, केबल आणि इंटरफेस एवढ्याच साखळीत गुणगुण आहे का हे कळतं.

त्यानंतर यूएसबी केबल लॅपटॉपला, लॅपटॉप बॅटरीवर, बाकी काहीही न लावता. स्क्रीन नाही, हब नाही, प्रिंटर नाही, नेटची केबल नाही. स्क्रोल करा, व्हिडिओ चालवा. बहुतेक वेळा इथे स्वर्गीय शांतता असते आणि माणूस चकित होतो.

मग चार्जर. इथे आवाज परत आला तर वहीत लिहा. चार्जर काढा आणि पुढचं लावा: एचडीएमआय केबल. हा गुन्हेगार माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त निसटतो. बाहेरच्या स्क्रीनला स्वतःचा तीन पिनांचा प्लग असतो आणि एचडीएमआयची जाळी तिचं अर्थिंग थेट लॅपटॉपच्या पत्र्याला जोडते. लॅपटॉप बॅटरीवर आहे, म्हणजे लूप नाही, असं समजून माणूस बसतो आणि लूप स्क्रीनमधून फिरून येतो. एकाच डॉकमधून (अनेक पोर्टांच्या एका डब्यातून) चार्जिंग, स्क्रीन आणि यूएसबी घेत असाल तर तिन्ही एकदम लागतात आणि काहीच कळत नाही, म्हणून तपासणीपुरता डॉक बाजूला ठेवा.

मग उरलेलं एकेक: बाहेरची हार्ड डिस्क, प्रिंटर, मिडी कीबोर्ड, नेटची केबल. नेटच्या पोर्टमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे साधी प्लास्टिकच्या टोकाची केबल लूप करत नाही, पण धातूच्या टोकाची शील्ड असलेली केबल करू शकते. टीव्हीची कोॲक्शियल केबल कुठूनही या साखळीत येत असेल तर तिच्याकडे विशेष लक्ष द्या, तिचं अर्थिंग इमारतीत भलतीकडेच असू शकतं.

डेस्कटॉपवाल्यांना बॅटरीची सोय नाही. त्यांनी तेवढ्यापुरता कुणाचा तरी लॅपटॉप आणून त्याच इंटरफेसला लावावा. लॅपटॉप बॅटरीवर शांत आणि डेस्कटॉपवर चिरचिर, म्हणजे वाट सापडली. आणि इंटरफेस नसेल, कॅबिनेटच्याच जॅकमधून मॉनिटर चालवत असाल, तर पुढचा जॅक सोडून मागचा वापरून पाहा. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आतून, बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून जाते.

हेडफोनची आणि नॉबची परीक्षा

या दोन चाचण्यांना मिळून एक मिनिट लागतं आणि निम्मं निदान होतं.

आवाज येत असताना इंटरफेसच्या हेडफोन जॅकला हेडफोन लावा. हेडफोनला कुठलंही अर्थिंग नसतं, त्यामुळे त्याच्यातून लूप होऊच शकत नाही. हेडफोनमध्ये शांत आणि मॉनिटरमध्ये चिरचिर, म्हणजे लूप आहे आणि तो इंटरफेस व मॉनिटर यांच्यामधल्या केबलवर कापता येईल. हेडफोनमध्येही तोच आवाज असेल तर घाण इंटरफेसच्या आतपर्यंत पोचली आहे: यूएसबीच्या ५ व्होल्टमधून, उघड्या राहिलेल्या माइकच्या चॅनलमधून, किंवा इनपुटला जोडलेल्या एखाद्या मिक्सर-कीबोर्डमधून. अशा वेळी मॉनिटरची केबल बदलून उपयोग नाही. आधी सगळे इनपुट गेन (सिग्नल किती वाढवायचा ते नॉब) शून्यावर आणा आणि इनपुटच्या केबल काढा. मला स्वतःला एकदा ‘यूएसबीचा आवाज’ वाटला होता तो गिटारच्या पिकअपने स्क्रीनसमोर बसून पकडलेला होता. गिटार खाली ठेवली, आवाज गेला.

दुसरी परीक्षा: इंटरफेसचा आउटपुट नॉब पूर्ण खाली करा. आवाज कमी झाला तर तो नॉबच्या आधी शिरतोय. जसाच्या तसा राहिला तर नॉबच्या नंतर, म्हणजे केबलवर किंवा मॉनिटरमध्ये. लूपचा आवाज बहुतेक वेळा नॉबला दाद देत नाही.

काळ्या रेघा मोजा

आता त्या एका रेघेकडे येऊ. मॉनिटर आणि इंटरफेस दोघांनाही बॅलन्स्ड जोडणी असेल तर बहुतांश प्रकरणं इथेच मिटतात.

बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नलच्या दोन वायरी असतात, एकीला ‘गरम’ म्हणतात आणि दुसरीला ‘थंड’, आणि जाळी वेगळी. मॉनिटर या दोन वायरींमधला फरक तेवढा उचलतो. वाटेत शिरलेला आवाज दोन्ही वायरींवर सारखाच असतो, त्यामुळे वजाबाकीत तो उडतो. पूर्ण नाही, पण इनपुटने ६० डेसिबलने दाबला तरी मघाचा १ मिलिव्होल्ट १ मायक्रोव्होल्टवर येतो. लूप तिथेच असतो, करंटही फिरत असतो, फक्त तो गाण्यात शिरत नाही. म्हणून ‘लूप तोडला’ यापेक्षा ‘लूपला बाहेर ठेवलं’ हे जास्त खरं.

पाव इंची जॅकवर दोन काळ्या रेघा असतील तर तो टीआरएस: टोक गरम, मधली कडी थंड, दांडा जाळी. एकच रेघ असेल तर टीएस, गिटारची केबल. दोन्ही बाहेरून सारख्याच जाड, सारख्याच काळ्या. टीएस जॅक बॅलन्स्ड आउटपुटमध्ये घातला की थंड वायर जाळीलाच टेकते आणि जोडणी मुकाट्याने अनबॅलन्स्ड होते. आवाज येतो, गाणं वाजतं, कुणी तक्रार करत नाही. माझे तीन महिने असे गेले. दोन्ही टोकं तपासा, एका बाजूला दोन रेघा आणि दुसऱ्या बाजूला एक असल्या केबलही मिळतात. एक्सएलआर, म्हणजे माइकला असतो तो तीन पिनांचा गोल कनेक्टर, त्यात हा घोळ नाही: पिन १ जाळी, २ गरम, ३ थंड.

एक सापळा. लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटर हेडफोन जॅकवरही दोन रेघा असतात, पण तिथे त्यांचा अर्थ डावा-उजवा आहे, गरम-थंड नाही. अशा जॅकपासून सरळ एका मॉनिटरच्या बॅलन्स्ड इनपुटला केबल ओढली तर मॉनिटर डाव्यातून उजवा वजा करतो आणि मधोमध ठेवलेला गायकाचा आवाज गायब होतो. चिरचिर परवडली.

स्रोत मुळातच अनबॅलन्स्ड असेल, म्हणजे आरसीए (टीव्ही-डेकच्या मागे असतात ते लाल-पांढरे जॅक) किंवा हेडफोन आउटपुट, तरी मॉनिटरचं इनपुट बॅलन्स्ड असेल तर अर्धा फायदा मिळतो. त्यासाठी दोन वायरी आणि जाळी असलेली केबल घेऊन ती अशी सोल्डर करायची: गरम वायर स्रोताच्या टोकाला, थंड वायर स्रोताच्या दांड्याला; मॉनिटरकडे पिन २, पिन ३ आणि जाळी पिन १ ला. स्रोताच्या बाजूची जाळी आधी दांड्याला जोडून ऐका, मग सोडून ऐका, जे शांत असेल ते ठेवा. थंड वायरीतून लूपचा करंट फारसा वाहत नाही, त्यामुळे वजाबाकी इथेही बऱ्यापैकी जमते.

इतकं करूनही काही उपकरणं बॅलन्स्ड जोडणीवर घरघरतात. यामागे एक जुनं दुखणं आहे. जाळी कॅबिनेटच्या पत्र्याला जोडायची सोडून आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडली की जाळीवरची सगळी घाण सर्किटमध्ये जाते. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये ते मांडलं आणि ‘पिन १ प्रॉब्लेम’ हे नाव रूढ झालं. पुढे २००५ मध्ये त्याच सोसायटीने जाळी पत्र्याला जोडण्याबद्दल एईएस४८ हे मानक काढलं. आपण उपकरण बदलू शकत नसू तर जाळी फक्त एका टोकाला, स्रोताकडे, जोडलेली केबल हा त्यावरचा घरगुती तोडगा. कनेक्टरवर तशी चिठ्ठी मात्र लावा. हीच केबल उद्या फँटम पॉवरच्या, म्हणजे केबलमधूनच वीज घेणाऱ्या माइकला लावलीत तर माइक मुका राहील.

केबल बरोबर असूनही आवाज आहे

सगळे प्लग एकाच ठिकाणी आणा. कॉम्प्युटर, स्क्रीन, इंटरफेस, मॉनिटर, सगळे एकाच सॉकेटवरच्या एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर. दोन भिंतींवरच्या दोन सॉकेटच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा थोडा फरक असतो आणि लूपमध्ये करंट ढकलायला तो मदत करतो. एका बोर्डावर तो फरक जवळपास संपतो. घरगुती स्टुडिओचा भार फार नसतो, पण त्याच बोर्डावर हीटर किंवा इस्त्री लावू नका. सॉकेटला मुळात अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. तीन भोकं आहेत म्हणजे मागे तीन वायरी आहेतच असं नाही.

लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असेल आणि त्याच कंपनीची तीन पिनांची वायर मिळत असेल तर ती लावून पाहा. कधी चिरचिर एकदम जाते, कारण गळत्या करंटला सरळ वाट मिळाली. कधी वाढतेही, कारण आता पूर्ण लूप झाला. बॅलन्स्ड केबल असेल तर सहसा पहिलं घडतं.

मॉनिटरकडे अनबॅलन्स्डच जावं लागत असेल, किंवा काहीच चालत नसेल, तर ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. दोन गुंडाळ्या, मध्ये तांब्याचा संबंधच नाही. सिग्नल चुंबकाने पलीकडे जातो आणि लूप खराखुरा तुटतो. तो मॉनिटरच्या इनपुटजवळ लावा. पण कानाने पारखून घ्या. स्वस्त ट्रान्सफॉर्मरचा छोटा गाभा खालच्या सुरांत लवकर भरतो, मोठ्या आवाजात बास पातळ आणि मळकट होतो. मिक्स करायच्या स्पीकरसमोर असलं काही बसवणं म्हणजे आवाज घालवायला आरसा काळा करणं. गिटारवाल्यांकडे असलेला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल बॅलन्स्ड करून देणारा डबा) आणि त्याचा ग्राउंड तोडणारा ग्राउंड-लिफ्ट खटका निदानासाठी उत्तम, मात्र त्याचं आउटपुट माइकच्या पातळीचं असतं, मॉनिटर फार हळू वाजेल.

हेडफोनमध्येही आवाज येत होता त्यांच्यासाठी रस्ता यूएसबीच्या बाजूचा. आधी फुकटातलं: दुसरा पोर्ट, शक्यतो थेट कॉम्प्युटरचा, दुसरी, आखूड केबल, शक्य असेल तर इंटरफेसचा स्वतःचा अ‍ॅडाप्टर. स्वतःची वीज असलेला हब इंटरफेसला स्वच्छ ५ व्होल्ट देईल, पण ग्राउंड तोडणार नाही, ग्राउंडची वायर त्याच्यातून सरळ आरपार जाते. ‘पॉवर्ड हब घेतला तरी आवाज आहेच’ या तक्रारीचं उत्तर हेच.

ग्राउंड तोडतो तो यूएसबी आयसोलेटर. घेण्याआधी त्याचा वेग बघा. एडीयूएम४१६० या चिपवर बनलेले आयसोलेटर फुल-स्पीडचे, म्हणजे १२ मेगाबिटचे असतात. साध्या स्टिरिओ डॅकला (डिजिटल सिग्नलचा ऐकण्याजोगा सिग्नल करणाऱ्या डब्याला) तेवढं पुरतं, पण हाय-स्पीडवर चालणारा, अनेक चॅनलचा इंटरफेस त्यावर एकतर ओळखलाच जात नाही किंवा अडखळतो. त्यांना ४८० मेगाबिटचा आयसोलेटर लागतो. पलीकडे वीज किती देतो तेही विचारा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत देतो, अनेक आयसोलेटर तितकी पोचवू शकत नाहीत.

इंटरफेस आणि मॉनिटर दोघांनाही ऑप्टिकल जोडणी असेल तर मात्र सरळ तीच वापरा. काचेतून किंवा प्लास्टिकच्या तंतूतून प्रकाश जातो, करंट नाही. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही जोडणी या एका कामात आजही अजिंक्य आहे.

फेराइटच्या कड्यांबद्दल: त्या मेगाहर्ट्झमधल्या रेडिओ लहरी अडवतात. ५० हर्ट्झच्या गुणगुणीला त्या दिसतही नाहीत. सोन्याचा मुलामा, दोरखंडाएवढी जाड पॉवर केबल, ‘शुद्ध वीज’ देणारे डबे यांचंही लूपच्या बाबतीत तेच. पॉवर केबल आणि ऑडिओ केबल एकत्र बांधलेल्या असतील तर त्या सोडवा, ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडा. यात पैसे लागत नाहीत आणि थोडा फायदा होतो.

शेवटी उरते ती ‘सूं’

चिरचिर गेली, गुणगुण गेली, आणि आता ट्वीटरला कान लावला की ‘सूं’ ऐकू येते. ही अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची आहे, कॉम्प्युटरशी तिचा संबंध नाही. पण ती बहुतेकांकडे विनाकारण मोठी असते, कारण मॉनिटरच्या मागचा गेन पूर्ण वर आणि इंटरफेसचा नॉब तळाशी असतो. उलटं करा. मागे अधिक ४ आणि उणे १० असा खटका असेल आणि इंटरफेस बॅलन्स्ड व्यावसायिक पातळीचा असेल तर अधिक ४ निवडा; अधिक ४ डीबीयू म्हणजे १.२२८ व्होल्ट, दोन्हींत सुमारे ११.८ डेसिबलचा फरक. मग इंटरफेसचा नॉब घड्याळात तीन वाजताना तास काटा असतो त्या जागेच्या आसपास ठेवून नेहमीचा ट्रॅक लावा आणि मॉनिटरचा गेन तळापासून हळूहळू वर आणत, नेहमीची पातळी मिळाली की थांबा. आधी दबून गेलेले सिग्नल वर येतात आणि ‘सूं’ मागे पडते.

कान ट्वीटरपासून काढा, खुर्चीत बसा, कॅबिनेटचा पंखा ऐका. पंख्याखाली ‘सूं’ ऐकू येत नसेल तर टेबल भिंतीला परत लावा. त्याआधी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना कागदी टेपवर नाव लिहून चिकटवा आणि एक-एक रेघवाली केबल गिटारच्या पिशवीत टाका.